वर्णरेषा आणि मुष्टियुद्धाचे रिंगण : दोन कृतींचे परीक्षण

जॅक जॉन्सन ह्या कृष्णवर्णीय अमेरिकन मुष्टियोद्ध्याच्या चरित्रावर आधारलेल्या दोन कृती विशेष नावाजल्या गेल्या आहेत. पहिली म्हणजे हॉवर्ड सॅक्लर यांचे 'द ग्रेट व्हाइट होप' हे तीन अंकी नाटक. १९६७ साली ते वॉशिंग्टन येथे प्रथम रंगभूमीवर आले, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला गेले, १९६९ साली त्यास पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९७० साली मार्टिन रिट यांनी त्यावर चित्रपट काढला. दुसरी कृती म्हणजे केन बर्न्स यांचा 'अनफर्गिव्हेबल ब्लॅकनेस' हा २००४ सालचा अनुबोधपट. त्याच नावाचे जेफ्री वॉर्ड यांचे विस्तृत चरित्रही त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. दोन्ही कृतींचे गुण आम्हांस मान्य आहेत. तरीही दोहोंविषयी आमची एक तक्रार आहे, आणि ती जितकी वाङ्मयीन आहे तितकीच धर्मशास्त्रीय आहे. एका माणसाची शोकांतिका सांगण्याच्या भरात ह्या कृतींनी त्या माणसाभोवती आखलेल्या रेषेकडे पुरेसे पाहिलेले नाही. आणि ती रेषा गडद करणाऱ्या हातांत काही हात पाळकांचे होते, ही गोष्ट तर अगदीच कडेला राहिली आहे.

ज्या वाचकांचा मुष्टियुद्धाशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. ह्या खेळात वजनानुसार गट असतात. त्यांतील सर्वांत वरचा गट 'हेवीवेट'. ह्या गटाचा जगज्जेता म्हणजे पृथ्वीतलावरील सर्वांत बलवान पुरुष, अशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत व इंग्लंडात लोकभावना होती. बेळगाव-कोल्हापूर भागातील वाचकांना कुस्तीच्या फडातील 'जोड' हा शब्द ठाऊक आहे. जोड ठरल्याखेरीज कुस्ती नाही. मुष्टियुद्धातही तसेच होते : किताब धारण करणाऱ्याने जोड मान्य केली तरच आव्हान देणाऱ्यास किताबासाठी लढता येई. तेव्हा एखाद्यास किताबापासून दूर ठेवावयाचे तर त्यास हरवण्याची गरज नव्हती. त्याच्याशी लढावयाचे नाही, एवढे म्हणणे पुरेसे होते.

हे म्हणण्याची रीत जॉन एल. सलिव्हन ह्या विजेत्याने प्रतिष्ठित केली. १८९२ साली त्याने जगातील मुष्टियोद्ध्यांस जाहीर आव्हान दिले, आणि त्यातून कृष्णवर्णीयांस स्पष्टपणे वगळले. हिलाच पुढे इंग्रजीत 'कलर लाइन', म्हणजे वर्णरेषा, म्हणू लागले. ती आखावयास त्या वेळी कोणताही कायदा करावा लागला नाही. विजेत्याचा नकार, लढती भरवणाऱ्यांची संमती आणि वृत्तपत्रांचे मौन, ह्या तीन गोष्टींनी काम भागले. शिवाय ही रेषा सर्व गटांत सारखी नव्हती, हे लक्षात घेण्याजोगे आहे. जॉर्ज डिक्सन हा कृष्णवर्णीय १८९० सालीच हलक्या गटात जगज्जेता झाला होता. वेल्टरवेट गटात जो वॉलकट १९०१ साली आणि लाइटवेट गटात जो गॅन्स १९०२ साली विजेते झाले. लहानखुऱ्या काळ्या माणसाने लहानखुऱ्या गोऱ्या माणसास हरवले तर चालत असे, निदान सोसले जात असे. पण तेथेही मर्यादा होती. ६ सप्टेंबर १८९२ रोजी न्यू ऑर्लिन्स येथील ऑलिंपिक क्लबात डिक्सनने जॅक स्केली ह्या गोऱ्या प्रतिस्पर्ध्यास असे काही झोडपले की काळ्या-गोऱ्यांच्या लढती पुन्हा ठेवावयाच्या नाहीत असे त्या क्लबाने ठरवून टाकले. दुसऱ्याच दिवशी त्याच क्लबात सलिव्हन हरला आणि जेम्स कॉर्बेट जगज्जेता झाला.

कॉर्बेटपाशी आम्ही थोडे थांबू, कारण येथे पीटर जॅक्सन भेटतो, आणि त्याच्यावाचून जॉन्सनची कथा समजत नाही. डॅनिश वेस्ट इंडीजमधील सेंट क्रॉय बेटावर जन्मलेला हा पुरुष ऑस्ट्रेलियात वाढला आणि १८८६ साली तेथील हेवीवेट विजेता झाला. २१ मे १८९१ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे तो आणि कॉर्बेट एकसष्ट फेऱ्या लढले. दोघेही इतके थकले की अखेर लढत अनिर्णित ठरवावी लागली. पुढील वर्षी कॉर्बेट जगज्जेता झाला. पण जॅक्सनशी त्याची किताबाची लढत कधीच झाली नाही. जॅक्सन सौम्य, मितभाषी, नीटनेटका आणि सर्वांशी अदबीने वागणारा होता. त्याच्या वर्तनात बोट ठेवावयास जागा नाही, हे त्याच्या विरोधकांनीही मान्य केले होते. १८९८ साली, प्रकृती ढासळलेली असताना, त्याने तरुण जेम्स जेफ्रीजशी एक लढत घेतली आणि तिसऱ्या फेरीत तो बाद झाला. १९०१ साली क्वीन्सलँडमधील रोमा ह्या गावी क्षयाने त्याचे निधन झाले. किताबाची संधी त्यास एकदाही मिळाली नव्हती.

आता जॉन्सन. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या आईबापांच्या पोटी १८७८ साली टेक्सासमधील गॅल्व्हस्टन येथे त्याचा जन्म झाला. १९०३ साली तो 'कृष्णवर्णीयांचा जगज्जेता' झाला. हा वेगळा किताबच वर्णरेषेचे अपत्य होता. खरा किताब तेव्हा जेफ्रीजकडे होता, आणि तो किताबासाठी कृष्णवर्णीयाशी लढावयास तयार नव्हता. १९०५ साली अपराजित राहूनच त्याने निवृत्ती घेतली. पुढे टॉमी बर्न्स हा कॅनडाचा मुष्टियोद्धा विजेता झाला तेव्हा जॉन्सनने त्याचा इंग्लंडपर्यंत आणि नंतर ऑस्ट्रेलियापर्यंत पाठलाग केला. बर्न्सने तीस हजार डॉलर मागितले. ह्यू मॅकिन्टॉश ह्या लढती भरवणाऱ्या गृहस्थाने ते कबूल केले, आणि २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनी येथे लढत झाली. चौदाव्या फेरीत पोलिसांनी ती थांबवली. जॉन्सन जगज्जेता ठरला. म्हणजे जी रेषा तत्त्वाची म्हणून सांगितली जात होती तिची किंमत तीस हजार डॉलर ठरली! जॉन्सनच्या हाती स्वतः पाचच हजार पडले.

रिंगणाशेजारी बसून वार्तापत्र लिहिणाऱ्या जॅक लंडन ह्या प्रसिद्ध कादंबरीकाराने जेफ्रीजला शेतीवाडी सोडून परत येण्याचे आणि जॉन्सनच्या चेहऱ्यावरील हसू पुसून टाकण्याचे आवाहन केले. 'गोऱ्यांची थोर आशा' ही कल्पना अशा लिखाणातून वाढली. जेफ्रीज आला. ४ जुलै १९१० रोजी रीनो येथे पंधराव्या फेरीत तो कोसळला. त्या रात्री अमेरिकेतील अनेक शहरांत दंगली झाल्या आणि माणसे मारली गेली. मरणारांत बहुतेक कृष्णवर्णीय होते.

सॅक्लर यांनी जॉन्सनला 'जॅक जेफर्सन' हे नाव दिले आहे. नाटकाचा आरंभ त्यांनी फार चांगला साधला आहे. पडदा उघडतो तो काळ्या नायकावर नव्हे, तर निवृत्त गोऱ्या विजेत्याच्या शेतावर. तेथे जुना विजेता, लढती भरवणारे आणि बातमीदार जमून ब्रेडी नावाच्या ह्या थकल्या पुरुषास पुन्हा उभे करण्याच्या खटपटीत आहेत. रेषा कशी आखली जाते ह्याचे हे जिवंत चित्र आहे : कोणी आरडाओरड करीत नाही, शिवीगाळही फारशी नाही, व्यवहारी माणसे हिशेब करीत आहेत. ह्याच वाटेने नाटक पुढे गेले असते तर आमची तक्रार उरली नसती. परंतु जेफर्सन रंगमंचावर येताच नाटककाराचे लक्ष त्याच्यावर खिळते आणि पुन्हा फारसे हलत नाही. जेम्स अर्ल जोन्स यांनी ही भूमिका रंगमंचावर व पडद्यावर अशा ताकदीने केली आहे की प्रेक्षकाचेही लक्ष अन्यत्र जाऊ नये. सॅक्लर यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे की, विषयाच्या तत्कालीनपणापेक्षा समाजाविरुद्ध उभ्या ठाकलेल्या माणसाच्या नियतीत आपल्याला अधिक रस होता. नाटककाराचा हा हक्क आम्ही नाकारीत नाही. पण 'नियती' ह्या शब्दाने बरेच काही झाकले जाते. नियतीला नाव नसते, पत्ता नसतो, आणि तिच्याकडून पश्चात्तापाची अपेक्षाही करता येत नाही.

नाटकातील एक प्रवेश ह्या दृष्टीने फार बोलका आहे. देश सोडून युरोपात भटकणारा जेफर्सन पोटासाठी बुडापेस्टमधील एका नाट्यगृहात 'अंकल टॉम'ची भूमिका करतो आणि प्रेक्षकांच्या हेटाळणीचा विषय होतो. प्रवेश परिणामकारक आहे. पण मुष्टियुद्धाचा इतिहास जाणणाऱ्यास येथे लगेच पीटर जॅक्सन आठवतो. कॉर्बेट लढत देईना तेव्हा जॅक्सनने खरोखरच 'अंकल टॉम्स केबिन'च्या नाट्यप्रयोगांत टॉमचे काम केले होते. (त्याच्या व्यवस्थापकाचे टोपणनाव 'पार्सन', म्हणजे पाद्री, असे होते. धर्मसेवेशी त्या गृहस्थाचा काही संबंध नव्हता, हे आमच्या वाचकांच्या समाधानासाठी सांगून ठेवतो.) ह्याचा अर्थ असा की, जॅक्सनच्या वाट्याला आलेली मानखंडना जेफर्सनच्या शोकांतिकेत सामावून गेली आहे. एका सोज्ज्वळ पुरुषाचे दुःख दुसऱ्या उद्दाम पुरुषाच्या कथेत ओतले गेले, आणि सोज्ज्वळ पुरुष मात्र नाटकातून नाहीसा झाला. कलेला असे एकत्रीकरण करावे लागते हे खरे. पण ह्या ठिकाणी त्याची फार मोठी किंमत द्यावी लागली आहे, असे आमचे मत आहे.

ती किंमत कोणती? जॉन्सन उधळ्या होता. भरधाव मोटारी, सोन्याचे दात, भारी पोशाख, शिकागोतील स्वतःचे मद्यगृह, आणि मुख्य म्हणजे गोऱ्या स्त्रियांशी उघड संबंध. त्याची पत्नी एटा हिने १९१२ च्या सप्टेंबरात आत्महत्या केली, आणि तीन महिन्यांच्या आत त्याने लुसिल कॅमरन हिच्याशी विवाह केला. अनैतिक हेतूने स्त्रियांना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास बंदी करणारा १९१० चा मान कायदा त्याच्यावर लावण्यात आला. १९१३ साली त्यास एक वर्ष एक दिवसाची शिक्षा झाली. तो देशाबाहेर पळाला. ५ एप्रिल १९१५ रोजी हॅवाना येथे सव्विसाव्या फेरीत जेस विलर्डने त्यास बाद केले. १९२० साली परत येऊन त्याने शिक्षा भोगली. कथा म्हणून ही सर्व सामग्री विलक्षण आहे. परंतु ही एकच कथा सांगितली की ऐकणाऱ्याच्या मनात नकळत एक समजूत बसते : हा माणूस जरा बेताने वागता तर कदाचित असे झाले नसते. ही समजूत खोटी आहे. बेताने वागलेला पीटर जॅक्सन आधीच होऊन गेला होता. त्यास काय मिळाले, ते वर सांगितलेच आहे.

नाटकाचा शेवट धार्मिक प्रतिमेने होतो म्हणून त्याविषयी दोन शब्द. लढत संपल्यावर विजयी गोऱ्या मुष्टियोद्ध्यास लोक खांद्यावर घेऊन जातात. त्याचा चेहरा रक्ताने माखलेला व छिन्न झालेला आहे, आणि मिरवणुकीतील लाकडी संतमूर्तीसारखा तो दिसावा अशी नाटककाराची सूचना आहे. गोव्यातील आमच्या वाचकांना हे दृश्य डोळ्यांपुढे आणावयास श्रम पडणार नाहीत. आमच्या मते संपूर्ण नाटकातील ही सर्वांत धीट कल्पना होय. जमाव ज्याला संत करून मिरवतो तोही तितकाच छिन्न आहे, हे येथे एका क्षणात दिसते. नाटकातील इतर धार्मिक प्रसंग मात्र सामान्य आहेत. आजारी आईच्या बिछान्याभोवती प्रार्थना करणारी भाविक मंडळी आणि त्यांचा पाळक करुण वाटतात, क्वचित विनोदीही वाटतात. देवाचे लोक येथे दुर्बळ आहेत, निरुपद्रवी आहेत. प्रत्यक्ष इतिहासात ते निरुपद्रवी नव्हते.

त्या इतिहासाकडे वळण्यापूर्वी बर्न्स यांच्या अनुबोधपटाविषयी सांगितले पाहिजे. साडेतीन तासांहून थोडी अधिक लांबी, जुन्या लढतींची मूळ चित्रे, सॅम्युएल जॅक्सन यांच्या आवाजात जॉन्सनचे शब्द, विंटन मार्सालिस यांचे संगीत. अभ्यासू माणसांनी केलेले हे काम आहे, आणि नाटकापेक्षा ते सत्याला अधिक धरून आहे. त्याचे नाव डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्या १९१४ सालच्या एका लेखातून घेतले आहे. ह्या थोर कृष्णवर्णीय विचारवंताचे म्हणणे थोडक्यात असे होते : मुष्टियुद्ध क्रूर असेल, पण गोरे विजेते होते तोवर कोणास त्याची एवढी घृणा आली नाही. जॉन्सनच्या खासगी वर्तनाची चर्चाही इतर विजेत्यांच्या बाबतीत कोणी केली नाही. मूळ अपराध एकच, आणि तो म्हणजे त्याचे अक्षम्य काळेपण. हा लेख आमच्या प्रत्येक धर्मशिक्षकाने वाचावा असा आहे. अनुबोधपटाने शीर्षक तेथून घेतले, पण बांधणी मात्र जुनीच ठेवली. त्याचे दोन भाग असून पहिल्याचे नाव 'उदय' आणि दुसऱ्याचे 'पतन' आहे. उदय झाला, पतन झाले. म्हणजे पुन्हा एका माणसाची शोकांतिका. सॅम लँगफर्ड, जो जेनेट, सॅम मॅकव्हे, हॅरी विल्स ह्यांचा ना उदय झाला ना पतन. त्यांना चढावयास पायरीच मिळाली नाही. म्हणूनच ते ओघात येतात आणि ओघात जातात.

आता पाळकांकडे येऊ. जेफ्रीज-जॉन्सन लढत मुळात सॅन फ्रान्सिस्को येथे व्हावयाची होती. पाळकांनी व नीतिसुधारकांनी निषेधाची मोहीम उभारली, कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी लढतीस मनाई केली, आणि मग ती नेव्हाडा राज्यातील रीनो येथे गेली. जॉन्सन जिंकल्यावर दुसरी मोहीम निघाली, लढतीची चित्रफीत कोठेही दाखवू नये म्हणून. तिच्या अग्रभागी होती 'युनायटेड सोसायटी ऑफ ख्रिश्चन एन्डेव्हर'. ही संस्था आमच्या मंडळ्यांना परकी नाही. आदल्याच वर्षी, १९०९ साली, तिचे जागतिक अधिवेशन आग्रा येथे भरले होते. तरुणांना प्रार्थनेची व साक्षीची सवय लावणारी ही चांगली चळवळ. तिच्या चिटणिसांनी राज्याराज्यांच्या गव्हर्नरांना तारा केल्या आणि अनेक शहरांत चित्रफितीवर बंदी आली. ३१ जुलै १९१२ रोजी अशा चित्रफितींच्या आंतरराज्य वाहतुकीस मनाई करणारा केंद्रीय कायदाच झाला. पुढे हॅवानात जॉन्सन हरला तेव्हा ती चित्रफीत आणून दाखवण्यास अनेक लोक उत्सुक होते. पण ह्याच कायद्याने ती अडवली, आणि सर्वोच्च न्यायालयानेही कायदा उचलून धरला. जॉन्सनचा विजय लपवण्याच्या भरात त्याचा पराभवही लपून गेला, ह्याची मौज वाटल्यावाचून राहत नाही.

लंडनचे प्रकरण मात्र मौजेचे नाही. १९११ च्या ऑक्टोबरात अर्ल्स कोर्ट येथे जॉन्सन आणि ब्रिटिश विजेता बॉम्बार्डियर बिली वेल्स यांची लढत ठरली होती. ती बंद पाडण्याच्या चळवळीचे पुढारी होते रेव्ह. एफ. बी. मेयर. हे नाव वाचून आमचे अनेक वाचक चपापतील. अब्राहाम, मोशे, एलिया, दावीद यांच्यावरील ज्यांची भक्तिपर पुस्तके पाळकांच्या कपाटांत पिढ्यान्‌पिढ्या राहिली, आणि लेस्टर येथे असताना तुरुंगातून सुटणाऱ्या कैद्यांना दारावर भेटून त्यांच्या कामधंद्याची सोय ज्यांनी केली, तेच हे मेयर. त्यांना मुष्टियुद्धाची मनापासून घृणा होती ह्याविषयी आम्हांस शंका नाही. पण त्यांच्या युक्तिवादात दुसरीही एक गोष्ट शिरली. ही लढत केवळ कौशल्याची राहणार नाही, कारण एका बाजूस निग्रो वंशाची उपजत विकारवशता आहे आणि तो वंश आपल्याहून भिन्न प्रकृतीचा आहे, अशा आशयाचे विधान त्यांनी वृत्तपत्रांतून केले. जे हात पहाटे तुरुंगाच्या दारात पुढे झाले, त्याच हातांनी ही ओळ लिहिली.

येथे एक तपशील फार महत्त्वाचा आहे. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत लंडनमध्येच सॅम लँगफर्ड ह्या कृष्णवर्णीयाची बिल लँग ह्या गोऱ्या ऑस्ट्रेलियनाशी लढत झाली होती. तेव्हा असे काही वादळ उठले नाही. म्हणजे प्रश्न क्रौर्याचा नव्हता, आणि काळा गोऱ्याशी लढतो एवढ्यापुरताही नव्हता. काळा जगज्जेता ब्रिटिश विजेत्यास हरवील आणि त्याची चित्रफीत साम्राज्यभर फिरेल, ही खरी धास्ती होती. साम्राज्यातील सावळ्या प्रजेवर त्याचा काय परिणाम होईल अशी चिंता त्या वेळी व्यक्त झाली. त्या प्रजेत आमचे आजे-पणजेही होते. मेयर यांच्या बाजूस कँटरबरीच्या आर्चबिशपांसारखे वजनदार पाठीराखे उभे राहिले. गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी लढत बेकायदा असल्याचे मत दिले. प्रकरण न्यायाधीशापुढे गेले, तेथे जॉन्सनने स्वतःच आपली बाजू मांडली. आणि अखेर लढत रद्द झाली. मुष्टियुद्ध मात्र चालूच राहिले. वेल्स पुढेही लढत राहिला, उमरावांनी दिलेले पट्टे गोऱ्या विजेत्यांच्या कमरेस शोभत राहिले, आणि त्याविरुद्ध तशी चळवळ उभी राहिली नाही. पुढे ब्रिटनच्या मुष्टियुद्ध नियामक मंडळाने ब्रिटिश किताबासाठी आईबाप दोन्ही गोरे असण्याची अट नियमातच घातली. ती १९४७ साली उठली आणि १९४८ साली डिक टर्पिन हा पहिला कृष्णवर्णीय ब्रिटिश विजेता झाला.

गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायावर प्रवचन करताना अंत्युखियातील पेत्राचा दोष आपण बहुधा 'ढोंग' ह्या एका शब्दात आटोपतो. ह्या प्रकरणाच्या प्रकाशात तो भाग पुन्हा वाचावा, अशी आमची सूचना आहे. पेत्राने कोणास पंगतीतून उठवले नाही, कोणाविरुद्ध नियम केला नाही, कोणास अपशब्द बोलला नाही. तो स्वतः मागे सरला, एवढेच. इतर यहूदी त्याच्यामागे गेले आणि बर्णबासारखा माणूसही ओढला गेला. सलिव्हनने आणि जेफ्रीजने ह्याहून वेगळे काय केले? आणि पौलाने हे प्रकरण पेत्राच्या स्वभावाचे मानले नाही, सुवार्तेच्या सत्याचे मानले. आपल्या मंडळ्यांत एके काळी जातवार बाके होती, काही ठिकाणी प्याल्याचाही प्रश्न होता. त्यांचाही लेखी नियम क्वचितच सापडेल.

सर्व दोष गोऱ्यांवर टाकून मोकळे होण्याची सोय हा इतिहास देत नाही. जॉन्सनने किताब मिळाल्यावर स्वतःच वर्णरेषा ओढली. १९०६ साली त्याने लँगफर्डला हरवले होते. पण जगज्जेता झाल्यावर त्याच्याशी, जेनेटशी किंवा मॅकव्हेशी तो लढला नाही. दोन काळ्यांच्या लढतीला गल्ला जमत नाही, हे त्याचे कारण. आपल्या कारकिर्दीत किताबासाठी तो एकाच कृष्णवर्णीयाशी लढला, १९१३ च्या डिसेंबरात पॅरिस येथे जिम जॉन्सनशी, आणि ती लढत बरोबरीत सुटली. हा प्रसंग शोकांतिकेच्या साच्यात बसत नाही, आणि म्हणूनच आम्हांस तो कळीचा वाटतो. ज्या रेषेने जॉन्सनला छळले तिचाच हिशेब त्याने आपल्या भावंडांस लावला. उरलेले लोक एकमेकांशीच लढत राहिले. जेनेट आणि मॅकव्हे १९०९ साली पॅरिस येथे एकोणपन्नास फेऱ्या लढले. लँगफर्ड आणि विल्स पुन:पुन्हा समोरासमोर आले, कारण दुसरे कोणी त्यांच्यासमोर येईना.

हॅरी विल्सचे उदाहरण पाळकांनी विशेष लक्षात ठेवावे. तो शांत, संयमी आणि काटकसरी होता. दर वर्षी महिनाभर उपास करण्याविषयी त्याची ख्याती होती. जॅक डेम्प्सी १९१९ साली विजेता झाला आणि लगेच आपण कृष्णवर्णीयांशी लढणार नाही असे म्हणाला. पुढे विल्सला टाळणे अवघड झाले. १९२२ साली आणि पुन्हा १९२५ साली कागदांवर सह्याही झाल्या. लढत झाली नाही. १९२६ साली डेम्प्सीने जीन टनीशी जोड घेतली आणि किताब गमावला. विल्सची उमेदीची वर्षे तोवर संपली होती. जॉन्सन हरल्यापासून जो लुईने २२ जून १९३७ रोजी शिकागो येथे जेम्स ब्रॅडॉकला हरवीपर्यंत, बावीस वर्षे, एकाही कृष्णवर्णीयास हेवीवेटच्या किताबासाठी लढता आले नाही. लुईच्या व्यवस्थापकांनी त्यास वागण्याचे नियम घालून दिले होते : गोऱ्या स्त्रीबरोबर छायाचित्र काढू द्यावयाचे नाही, पडलेल्या प्रतिस्पर्ध्यावर हसावयाचे नाही. दार उघडले ते एवढ्या अटींवर.

२४ मे २०१८ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी जॉन्सनला मरणोत्तर माफी दिली. तो १९४६ साली मोटार अपघातात वारला होता. बर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या माफीसाठी पुष्कळ वर्षे खटपट केली. तिचे श्रेय त्यांस दिलेच पाहिजे. लँगफर्डला मात्र माफी देता येत नाही, कारण त्याच्यावर कधी खटलाच झाला नाही. १९४४ साली एका वार्ताहराने त्यास हार्लेममधील एका खोलीत शोधून काढले तेव्हा तो आंधळा व कफल्लक होता. वाचकांनी वर्गणी काढून त्याच्यासाठी निधी उभा केला, आणि त्यावर १९५६ सालापर्यंत त्याचे दिवस गेले.

ज्यांना आपल्या अभ्यासवर्गात ह्या विषयाची चर्चा घडवावयाची आहे त्यांनी नाटकातील पहिला प्रवेश वाचून दाखवावा आणि अनुबोधपटाचा पहिला भाग दाखवावा. दुसऱ्या भागास लागणारा वेळ लंडनच्या १९११ सालच्या प्रकरणास द्यावा, असे आम्ही सुचवू. मेयर यांची पुस्तके कपाटातून काढून टाकावीत असे आमचे म्हणणे नाही. त्यांचे एलियावरील पुस्तक आम्ही आजही वर्गात वापरतो, आणि ह्या सत्रातही ते नेमलेले आहे.